अलेक्झांडर टेक्निकचा शिक्षक व्हायचंय, पण त्यासाठी तीन वर्षं द्यावीत का?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला समजलं ते असं, तुम्ही २७ वर्षांचे, शाळेत असताना चार वर्षं तालमीत होता, नंतर २०० तासांचा योग शिक्षकाचा कोर्स केला, आता राजारामपुरीत सकाळ-संध्याकाळ बॅच घेता. मध्ये कंबर धरली म्हणून पुण्यात एका बाईंकडे अलेक्झांडर टेक्निकचे, म्हणजे उठता-बसता-बोलताना अंगात नकळत येणारा ताण ओळखून सोडायला शिकवणाऱ्या पद्धतीचे, पाच लेसन घेतले आणि तेव्हापासून मनात बसलंय की आपण हेच शिकवायचं. आता सहा महिन्यांचं ऑनलाईन सर्टिफिकेट करू की तीन वर्षांचं ट्रेनिंग घ्यायला बाहेर जाऊ, आणि परत आल्यावर कोल्हापुरात यावर घर चालेल का, हे विचारताय.

मी हे काम कोल्हापुरात अकरा वर्षं करतेय. त्याआधी शाळेत मराठी शिकवायचे, साठ पोरांच्या वर्गात ओरडून ओरडून आवाज बसला तो बसलाच, औषधं झाली, मौन झालं, गरम पाणी झालं, आवाज परत यायचा आणि शाळा सुरू झाली की आठवड्यात पुन्हा जायचा. त्यातून मी या वाटेला लागले. म्हणून जे सांगते ते माझ्या अनुभवातलं आहे, तुमची घरची परिस्थिती वेगळी असेल तर काही गोष्टी बदलतील, कुठल्या ते पुढे सांगते.

मला वाटतं तुमचा खरा प्रश्न सर्टिफिकेटचा नाही. खरा प्रश्न असा आहे की आपल्याला जे सरळ वाटतं ते वाकडं निघतं, जे सैल वाटतं ते आवळलेलं निघतं, हे रोज कुणीतरी हात लावून दाखवणार आणि ते दोन-तीन वर्षं चालणार, तर ते तुम्हाला झेपेल का आणि हवंय का. या कामाचा पायाच तो आहे. फ्रेडरिक अलेक्झांडर हा माणूस १८६९ साली टास्मानियात जन्मला, नाट्यप्रवेश म्हणून दाखवायचा धंदा, आणि स्टेजवर आवाज घोगरा व्हायचा. डॉक्टरांनी आवाजाला आराम दे म्हणून सांगितलं, आराम दिला की बरं, स्टेजवर गेला की परत तेच. मग तो आरशासमोर उभा राहून बघायला लागला की बोलताना आपण नक्की करतो काय. दिसलं की तो डोकं मागे खेचतोय, घसा खाली दाबतोय, तोंडाने आवाज करत श्वास ओढतोय. इथवर ठीक. पुढचं महत्त्वाचं आहे. त्याने ठरवून डोकं पुढे ठेवायचा प्रयत्न केला, त्याला पक्कं वाटत होतं की ठेवलंय, आणि आरशात बघतो तर डोकं आणखीच मागे. म्हणजे ज्या जाणिवेच्या भरवशावर आपण स्वतःला सुधारतो तीच फसवतेय. तिथून पुढे त्याला कित्येक वर्षं लागली.

माझं सांगते. दुसऱ्या लेसनला माझ्या बाईंनी मला नुसतं सरळ उभं राहायला सांगितलं. मी राहिले. त्यांनी बाजूला आरसा धरला तर मी कमरेतनं मागे कललेली, बरगड्या पुढे काढलेल्या, हनुवटी वर. वर्गात शिक्षिका उभी राहते तशी अगदी. मग त्यांनी एक हात मानेखाली, एक पाठीवर ठेवून मला हळूच पुढे आणलं आणि मी चक्क त्यांचा दंड धरला कारण मला वाटलं मी तोंडावर पडतेय. आरशात बघितलं तर ओळंब्याला लावल्यासारखी सरळ. त्या दिवशी मला रडू आलं होतं. चाळीस वर्षं आपण जिला 'सरळ' म्हणत होतो ती गोष्ट कुठली होती मग?

आता शिक्षकाने नक्की काय करायचं असतं ते सांगते, नाहीतर तीन वर्षं कशाला लागतात हे कळणार नाही.

माझ्याकडे गुजरीतला एक कारागीर यायचा, सोन्याच्या कामावर, मान आणि उजवा खांदा कायम दुखायचा. त्याला खुर्चीवर बसवून मी बघत होते आणि काहीच सापडत नव्हतं, बसायचा छान. म्हटलं तुमची हत्यारं घेऊन या. पुढच्या वेळी चिमटा आणला. मी त्याच्या मानेच्या मागे, कवटी जिथे मणक्यावर टेकते तिथे, बोटं नुसती ठेवली आणि म्हटलं चिमटा उचला. हात अजून मांडीवरच होता, बोटसुद्धा हललं नव्हतं, आणि माझ्या बोटांखाली मान टणक झाली, डोकं दोरीने ओढल्यासारखं मागे गेलं, श्वास थांबला. मग हात निघाला. तीनदा केलं, तीनही वेळा तसंच. चौथ्या वेळी त्याला सांगितलं, मी उचला म्हणेन पण तुम्ही उचलायचं नाही, नुसतं ऐकायचं आणि मान मोकळी आहे एवढंच मनात म्हणायचं. म्हटलं, 'उचला.' मान कडक झाली आणि दोन सेकंदांत विरघळली. त्यालाही कळलं, त्याने वळून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "म्हंजे मी दिवसातनं हजारदा हे करतोय?" हो, करतोय. आणि दिवसभर तसं केल्यावर रात्री बाम लावून काय होणार.

या थांबण्याला इंग्रजीत इन्हिबिशन म्हणतात. मराठीत शिकवताना मी सुरुवातीला 'दम धरा' म्हणायचे, आपल्याकडचा शब्द, पण लक्षात आलं की दम धरा म्हटलं की लोक खरंच श्वास धरतात! सोडून दिलं. आता नुसतं 'थांबा, राहू दे' म्हणते. तसंच 'डोकं पुढे आणि वर' हे इंग्रजीतून जसंच्या तसं आणलं तर माणूस कासवासारखी हनुवटी पुढे काढतो. त्यापेक्षा आजी चुंबळ ठेवून घागर कशी न्यायची ते आठवा म्हटलं की निम्मं काम होतं, कारण डोकं चार-साडेचार किलोचं असतं आणि ते कानांच्या मधोमध, आपल्याला वाटतं त्यापेक्षा बरंच वर, तोललेलं असतं. असे शब्द तुम्हाला कुठल्याही कोर्समध्ये मिळणार नाहीत, ते इथे माणसांवर हात ठेवूनच सापडतात.

आणि हात. त्या कारागिराच्या मानेवर बोटं ठेवताना माझी स्वतःची मान आवळलेली असती तर मला काही कळलं नसतं, उलट माझाच ताण त्याच्यात गेला असता. शिक्षकाच्या हातातून तेच जातं जे त्याच्या स्वतःच्या अंगात चाललेलं असतं. म्हणून ट्रेनिंगचा मोठा भाग दुसऱ्याला शिकवण्याचा नसतोच, स्वतःवरचा असतो. इंग्लंडमधली शिक्षकांची मुख्य संस्था, स्टॅट, १९५८ पासूनची, तिचा पारंपरिक कोर्स तीन वर्षं आणि १६०० तासांचा, त्यातला ८० टक्के तरी प्रत्यक्ष काम, आणि पाच विद्यार्थ्यांमागे किमान एक शिक्षक. अलेक्झांडरने स्वतः १९३१ साली लंडनमध्ये पहिला ट्रेनिंग कोर्स काढला तोही तीन वर्षांचाच होता. आठवड्याला साधारण चौदा-पंधरा तास होतात, म्हणजे दिवसाला तीन-चार तास, आणि बाहेरून बघणाऱ्याला वाटेल हे लोक करतात काय, खुर्चीवर बसतात, उठतात, गुडघे उभे करून पाठीवर पडतात, डोक्याखाली दोन पुस्तकं घेतात, एकमेकांचा हात उचलून खाली ठेवतात. आमच्या ट्रेनिंगच्या शाळेत पहिलं वर्षभर आम्ही दुसऱ्याला हात जवळजवळ लावलाच नाही. दुसऱ्या वर्षी आपापसात. तिसऱ्या वर्षी बाहेरची माणसं, तीही मुख्य शिक्षक शेजारी उभे असताना. मला दुसऱ्या वर्षाच्या मध्यावर वाटलं होतं की पैसे पाण्यात गेले, काही येत नाही. तिथून पुढे दोन महिन्यांनी हात ऐकायला लागले. मधले ते दोन महिने कुणालाच चुकत नाहीत असं आता वाटतं.

म्हणून ऑनलाईन सर्टिफिकेटबद्दल माझं मत स्पष्ट आहे. स्वतःसाठी, ओळख म्हणून करायचं तर करा. चांगला शिक्षक स्क्रीनवरूनसुद्धा बरंच दाखवू शकतो, मीही बाहेरगावच्या लोकांचे तसे लेसन घेते. पण सहा महिने व्हिडिओ बघून दुसऱ्याच्या मानेला हात लावायचा हे मला मान्य नाही. माझ्याकडे एक मुलगी आली होती असाच एक कोर्स करून, भरपूर पैसे भरले होते, प्रमाणपत्र छान होतं, तिला एकदाही कुणी हात लावून शिकवलं नव्हतं. ती बिचारी लोकांना 'पाठ सरळ करा' असंच सांगत होती, जे आपल्या आया लहानपणापासून सांगतात, पोक काढू नकोस म्हणून. त्याने पाठ सरळ होत नाही, दहा मिनिटं कडक होते. आपल्याकडे या कामाला सरकारी लायसन्स नाही, उद्या कुणीही बोर्ड लावू शकतं, आणि म्हणूनच मला वाटतं आपण स्वतः जास्त कडक राहिलं पाहिजे.

बरं, तुमच्याबद्दल. तालीम ही तुमची मोठी जमेची बाजू आहे. खडाखडीत समोरच्याचा तोल कुठल्या पायावर आहे, तो आता ढकलणार की ओढणार, हे तुमच्या हाताला डोळ्याआधी कळत असणार. अशी हाताची जाण यायला माझ्यासारख्या मास्तरणीला दोन वर्षं लागली. पण त्याच हाताला कळलं की लगेच डाव टाकायची सवय आहे, आणि इथे कळल्यावर काहीही करायचं नाही. ते तुम्हाला जड जाईल. तसंच योगाचं, तुम्ही रोज वीस लोकांना 'अजून ताणा, होल्ड करा' म्हणता, तर माणूस आसनात पोचला की तुमच्या मनाला बरं वाटतं. इथे कुठे पोचायचं नसतं, पोचायची घाई सुटली की काम होतं. हे दोन्ही वाईट नाही, मी जोर-बैठकांच्या किंवा आसनांच्या विरोधात अजिबात नाही, फक्त ट्रेनिंगमध्ये पहिलं वर्षभर तुमची झुंज याच्याशी असेल हे माहीत असू दे.

आता परिस्थितीवर अवलंबून असलेल्या गोष्टी. कोल्हापुरात असा कोर्स नाही, त्यामुळे घर सोडावं लागणारच. किती पैसे लागतील हे देश, शहर, शाळा यावर इतकं बदलतं की मी आकडा सांगणार नाही, पण फी एवढाच खर्च धरू नका, तीन वर्षं राहणं-खाणं हा फीपेक्षा मोठा खर्च असतो. आम्ही वडिलांची एफडी मोडली आणि माझे दागिने ठेवले, नवरा इथे होता म्हणून जमलं. शाळेला पहिल्याच मेलमध्ये विचारा की परदेशी विद्यार्थ्याला व्हिसासाठी स्पॉन्सर करता येतं का, कारण या शाळा छोट्या असतात, पाच-दहा विद्यार्थ्यांच्या, आणि सगळ्यांकडे ती परवानगी नसते. त्या व्हिसावर काम करायची मुभा किती हेही विचारा. घरी आई-वडील तुमच्यावर अवलंबून असतील तर तीन वर्षं सलग जाणं हा मोठा निर्णय आहे आणि तो मी तुमच्या वतीने घेऊ शकत नाही.

सलग जाणं अशक्यच असेल तर फेल्डेनक्राईस पद्धतीकडेही बघा. मोशे फेल्डेनक्राईस हे इंजिनियर आणि फिजिक्सचे माणूस, ज्युदोचे ब्लॅक बेल्ट, गुडघ्याच्या दुखापतीतून त्यांनी हे काम उभं केलं, त्यामुळे पैलवानाला ते जवळचं वाटू शकतं. त्यांचं ट्रेनिंग साधारण ८०० तासांचं, तीन-चार वर्षांत विभागलेलं, वर्षातून काही वेळा काही आठवडे जायचं आणि परत यायचं असं बऱ्याच ठिकाणी असतं, म्हणजे बॅचेस चालू ठेवता येतात. त्यात जमिनीवर झोपून, शिक्षकाच्या नुसत्या बोलण्यावरून हालचाली करायचे ग्रुप लेसन असतात, ते तुमच्या आत्ताच्या कामात सहज बसतील. हाताचं कामही असतं. मी त्या वाटेने गेले नाही, काही लेसन घेतलेत आणि मला आवडलेत, एवढंच प्रामाणिकपणे सांगू शकते.

इथवरचं थोडक्यात, हाताने शिकवायचं तर हाताखाली शिकायला हवं, त्याला तीन वर्षं लागतात, आणि तुमच्याकडे त्यासाठी चांगलं अंग आहे पण सवयी उलट्या आहेत.

कोल्हापुरात चालेल का. चालतं, पण हळू. पहिल्या वर्षी माझ्याकडे आठवड्याला तीन माणसं यायची, त्यातली एक माझी नणंद. दोन वर्षं मी दहावीच्या शिकवण्या घेऊनच घर चालवलं. इथल्या लोकांना डॉक्टर माहीत आहे, मालिशवाला माहीत आहे, योगा माहीत आहे, यातलं काहीच नाही म्हटल्यावर पहिला प्रश्न येतो, 'किती दिवसांत बरं होईल?' तिथे मोह आवरायचा. हा उपचार नाही, शिक्षण आहे, हे पहिल्या दिवशी सांगायचं, आणि पायात मुंग्या, बधिरपणा, रात्रीची झोपमोड करणारं दुखणं असं काही असेल तर आधी डॉक्टरकडे पाठवायचं. मग हळूहळू माणसं येतात. गाणं शिकणाऱ्या मुली, तबल्याची पोरं, माझ्यासारख्या घसा बसलेल्या शिक्षिका, उद्यमनगरात लेथवर दिवसभर उभं राहणारे, मोपेडवरून शिरोलीला जा-ये करणारे. खुर्चीवर फार भर देऊ नका, कोर्समध्ये सगळं खुर्चीवर शिकवतात आणि इथे अर्धी माणसं मांडी घालून काम करतात. चप्पल गल्लीतला कारागीर खुर्चीवर कधी बसतो? मी पाटावर, उकिडवं बसवून, खाली वाकून बादली उचलायला लावून शिकवते.

हात लावण्याबद्दल एक सांगायलाच हवं. तुम्ही पुरुष आहात, अर्ध्याहून जास्त विद्यार्थी बायका असतील. प्रत्येक वेळी, दहाव्या लेसनलासुद्धा, विचारून हात लावायचा, कुठे आणि कशासाठी ते सांगून. सोबत कुणी बसायचं म्हणलं तर बसू द्यायचं, खोलीचं दार उघडं ठेवायचं. कुणी नको म्हणालं तर त्या दिवशी नुसतं बोलून, आरसा घेऊन शिकवायचं. छोट्या गावात विश्वास एकदा गेला की गेला, पण त्याहीपेक्षा मोठी गोष्ट अशी की घाबरलेल्या माणसाची मान मोकळी होतच नाही, मग आपण शिकवतोय काय?

मग आत्ता काय करायचं. पाच लेसनवर आयुष्याचा निर्णय घेऊ नका. २००८ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये जुन्या कंबरदुखीवर एक मोठी चाचणी छापून आली होती, ५७९ रुग्णांची. त्यात ज्यांना नेहमीचेच उपचार मिळाले त्यांना वर्षभरानंतर चार आठवड्यांतले साधारण २१ दिवस दुखत होतं, आणि ज्यांनी २४ लेसन घेतले त्यांना ३ दिवस. सहा लेसन घेतलेल्यांनाही फरक पडला होता पण एवढा नाही. नुसतं स्वतःचं दुखणं कमी करायला २४ लेसन लागतात, तर शिक्षक व्हायचं की नाही हे ठरवायला निदान तेवढे तरी हवेत. पुण्यातल्या बाईंकडे महिन्यातून दोनदा गेलात तर वर्षात होतील, सकाळी लवकर एसटीने निघालात तर रात्री घरी येता येतं. शक्य झालं तर मध्ये दुसऱ्या एखाद्या शिक्षकाकडेही दोन-चार घ्या, प्रत्येकाचा हात वेगळा असतो.

आणि शाळा निवडायच्या आधी तिथे आठवडाभर जाऊन बसा, बहुतेक शाळा येऊ देतात. शिक्षक काय बोलतात याकडे कमी लक्ष द्या. चहाचा कप उचलताना, कुणी चुकल्यावर, दमल्यावर ते स्वतः कसे आहेत ते बघा. तिसऱ्या वर्षाचे विद्यार्थी कसे चालतात, मोकळे आहेत की सगळे एकाच साच्यातून काढल्यासारखे जपून जपून हलतात, ते बघा. मी एका शाळेत तसं बघितलं आणि दुसऱ्या दिवशी निघून आले.

जोर-बैठका बंद करू नका. फक्त पहिला जोर मारायच्या आधी, हात जमिनीला टेकलेले असताना, एकदा थांबा आणि मानेकडे बघा. रोज एकदाच. महिन्याभराने काय सापडलं ते मला सांगा, मग पुढचं बोलू.